संगणकाची शोधसूची : काय ठेवावे, काय वगळावे

संगणकाच्या शोधपट्टीत एखादा शब्द टाइप करताच त्याच्याशी संबंधित दस्तऐवज, पत्रे आणि छायाचित्रे क्षणार्धात समोर येतात. ही सोय इतकी अंगवळणी पडली आहे की, तिच्यामागे नेमके काय घडते याचा विचार सहसा केला जात नाही. वस्तुतः त्या क्षणी संगणक संपूर्ण हार्ड डिस्क धुंडाळत नसतो. आपण अन्य कामात गुंतलेले असताना त्याने आधीच तयार करून ठेवलेली एक सूची तो पाहत असतो. या सूचीत फाईलींची नावे तर असतातच, शिवाय अनेक फाईलींमधील मजकूरही शब्दशः नोंदलेला असतो.

या सूचीत काय असावे आणि काय नसावे, हे ठरविण्याचा अधिकार वापरकर्त्याला दिलेला आहे. तो बजावला नाही, तर हा निर्णय संगणकप्रणाली स्वतःच घेते. घरातील एकच संगणक आईवडील आणि मुले मिळून वापरतात. लहान कार्यालयांत एकाच खात्यावर तीन-चार कर्मचारी काम करतात. वकिलांच्या आणि डॉक्टरांच्या संगणकांवर इतरांची खासगी माहिती साठविलेली असते. बैठकीत भिंतीवरील पडद्यावर संगणक दाखविला जात असताना शोधपट्टीत दोन अक्षरे टाइप केली, की तिसऱ्याच एखाद्या दस्तऐवजाचे नाव सर्वांसमोर यावे, हा प्रसंग कल्पनेपलीकडचा नाही. म्हणूनच शोधसूची म्हणजे काय, तिच्यातून फाईली आणि फोल्डर कसे वगळावेत आणि वगळल्याने नेमके काय साध्य होते, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

सूची कशी तयार होते

शोधसूचीची कल्पना नवी नाही. ऋग्वेदातील प्रत्येक सूक्ताचे आरंभीचे शब्द, ऋचांची संख्या, ऋषी, देवता आणि छंद यांची नोंद करणारी कात्यायनाची सर्वानुक्रमणी हे सूचिकार्याचे एक प्राचीन भारतीय उदाहरण आहे. छापील ग्रंथाच्या अखेरीस दिलेली शब्दसूची तर प्रत्येक वाचकाच्या परिचयाची असते. एखादा शब्द कोणकोणत्या पृष्ठांवर आला आहे हे ती सांगते आणि त्यामुळे संपूर्ण ग्रंथ पुन्हा चाळावा लागत नाही.

संगणकाची शोधसूची याच तत्त्वावर चालते. पार्श्वभूमीवर काम करणारी एक आज्ञावली प्रत्येक फाईल उघडते, तिच्यातील मजकूर वाचते, त्याचे सुटे शब्द करते आणि कोणता शब्द कोणत्या फाईलीत आला याची नोंद ठेवते. फाईलीचे नाव, प्रकार, आकार, दिनांक, लेखकाचे नाव अशी माहितीही त्यात जोडली जाते. फाईलीत बदल झाला की नोंद अद्ययावत होते. वापरकर्ता संगणकावर सक्रिय असताना ही आज्ञावली आपली गती कमी करते आणि संगणक मोकळा असताना वेगाने काम करते.

मायक्रोसॉफ्टने दिलेल्या माहितीनुसार, सूचीचा आकार सामान्यतः मूळ फाईलींच्या एकत्रित आकाराच्या १० टक्क्यांहून कमी असतो. १०० मेगाबाइट मजकुरासाठी सूची १० मेगाबाइटपेक्षा लहान राहते. मात्र अगदी लहान फाईलींची संख्या मोठी असल्यास किंवा संगणकीय आज्ञावलींचा मजकूर सूचीत घेतल्यास हे प्रमाण वाढते. सूचीतील नोंदी ४ लाखांच्या पुढे गेल्यास कामगिरीवर परिणाम दिसू लागतो आणि सुमारे १० लाख नोंदी ही सूचीची कमाल क्षमता असल्याचेही मायक्रोसॉफ्टने स्पष्ट केले आहे.

थोडा इतिहास

फाईलींच्या नावांची सूची आधी तयार ठेवून शोध जलद करण्याची पद्धत युनिक्स संगणकांवर १९८० च्या दशकातच रूढ झाली. त्या काळातच एक प्रश्न पुढे आला. सर्वाधिकार असलेल्या खात्यातून तयार केलेली ही सूची संगणकाच्या कोणत्याही वापरकर्त्याला पाहता येत असे. परिणामी ज्या फाईली उघडण्याची परवानगी नाही, त्यांची नावेही सर्वांना कळत. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक नोंदीबरोबर परवानगीही तपासणाऱ्या आज्ञावली पुढे तयार करण्यात आल्या. सूची स्वतःच माहिती उघड करू शकते, हा धडा त्यातून मिळाला.

सर्वसामान्य वापरकर्त्यांपर्यंत ही सोय २००४ नंतर पोहोचली. ऑक्टोबर २००४ मध्ये गुगलने ‘गुगल डेस्कटॉप’ ही आज्ञावली सादर केली. एप्रिल २००५ मध्ये ॲपलच्या ‘टायगर’ या प्रणालीतून ‘स्पॉटलाइट’ उपलब्ध झाले. जानेवारी २००७ मध्ये सामान्य ग्राहकांसाठी बाजारात आलेल्या ‘विंडोज व्हिस्टा’मध्ये शोधसेवा प्रणालीचाच भाग बनली. विंडोजमध्ये सूची तयार करणारी सेवा त्याआधीही होती. मात्र तिचा वापर मर्यादित होता.

फेब्रुवारी २००६ मध्ये गुगल डेस्कटॉपच्या नव्या आवृत्तीत एक वैशिष्ट्य समाविष्ट करण्यात आले. एका संगणकावरील फाईली दुसऱ्या संगणकावरून शोधता याव्यात, यासाठी त्यांतील मजकुराची प्रत गुगलच्या सर्व्हरवर काही काळ ठेवली जाणार होती. डिजिटल हक्कांसाठी कार्य करणाऱ्या ‘इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन’ या अमेरिकी संस्थेने हे वैशिष्ट्य वापरू नये, असे आवाहन त्यावेळी केले होते. सूची आपल्या संगणकावरच राहते की बाहेर जाते, हा प्रश्न तेव्हापासून महत्त्वाचा ठरला आहे. गुगलने २०११ मध्ये ही आज्ञावली बंद केली. प्रश्न मात्र कायम राहिला.

वगळण्याची तीन कारणे

पहिले कारण गोपनीयतेचे आहे. वैद्यकीय अहवाल, न्यायालयीन कागदपत्रे, वेतनपत्रके, बँकेचे तपशील, खासगी पत्रव्यवहार यांसारखा मजकूर शोधपट्टीत सहज येऊ नये, असे वाटणे स्वाभाविक आहे. विंडोजची सूची संगणकावरच साठविली जाते आणि ती मायक्रोसॉफ्टकडे पाठविली जात नाही, असे कंपनीने नमूद केले आहे. मात्र संगणकावर बसविलेल्या अन्य आज्ञावली ही सूची वाचू शकतात, असा इशाराही कंपनीनेच दिला आहे. म्हणजेच अनोळखी स्रोताकडून घेतलेली एखादी आज्ञावली संगणकावर असल्यास, सर्व दस्तऐवजांतील शब्द तिच्यासाठी एका ठिकाणी तयार असतात. संगणकाच्या न्यायवैद्यक तपासणीत तज्ज्ञ शोधसूचीचा कोश आवर्जून पाहतात, यावरूनही तिच्यात किती माहिती असते याची कल्पना येते.

दुसरे कारण वेगाचे आहे. बॅकअप प्रती, तात्पुरत्या फाईली, आभासी संगणकांच्या प्रतिमा आणि आज्ञावली विकसित करताना आपोआप तयार होणाऱ्या हजारो लहान फाईली सतत बदलत असतात. प्रत्येक बदलाबरोबर सूची अद्ययावत करण्याचे काम वाढते. जुन्या संगणकांवर किंवा फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर त्याचा भार जाणवतो, तर लॅपटॉपची बॅटरी त्यामुळे लवकर उतरू शकते.

तिसरे कारण नेमकेपणाचे आहे. एकाच अहवालाच्या दहा जुन्या प्रती सूचीत असतील, तर हवी असलेली अंतिम प्रत शोधणे कठीण होते. ग्रंथाच्या सूचीत प्रत्येक ‘आणि’ची नोंद केली, तर ती सूची निरुपयोगी ठरेल. काय वगळावे हे ठरविणे हा सूचिकाराच्या कामाचाच भाग आहे.

विंडोजमध्ये वगळण्याची पद्धत

विंडोजमध्ये यासाठी प्रामुख्याने तीन मार्ग उपलब्ध आहेत आणि त्यांचे परिणाम वेगवेगळे आहेत.

पहिला मार्ग संपूर्ण फोल्डर वगळण्याचा आहे. विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’मधील ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ या भागात शोधाशी संबंधित विभाग आहे. आवृत्तीनुसार त्याचे नाव थोडे वेगळे असू शकते. तेथे ‘क्लासिक’ आणि ‘एन्हान्स्ड’ असे दोन पर्याय दिसतात. पहिल्या पर्यायात डेस्कटॉप तसेच दस्तऐवज, छायाचित्रे आणि संगीत यांचीच सूची केली जाते. दुसऱ्या पर्यायात संपूर्ण संगणक सूचीत घेतला जातो. मे २०१९ च्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून हा दुसरा पर्याय उपलब्ध झाला. त्याच पानावर वगळलेल्या फोल्डरांची यादी असते आणि तिच्यात नवा फोल्डर जोडता येतो. प्रणालीच्या स्वतःच्या फाईलींचे काही फोल्डर या यादीत आधीपासूनच असतात. ते काढू नयेत. ‘कंट्रोल पॅनेल’मधील ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’ येथे ‘मॉडिफाय’ हे बटण दाबूनही एखाद्या फोल्डरपुढील खूण काढता येते.

दुसरा मार्ग फाईलींच्या प्रकारानुसार वगळण्याचा आहे. ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’मधील ‘ॲडव्हान्स्ड’ या बटणाखाली ‘फाईल टाइप्स’ची यादी असते. तेथे प्रत्येक प्रकारासाठी केवळ नाव व गुणधर्म नोंदवावेत की आतील मजकूरही नोंदवावा, हे ठरविता येते. एखादा प्रकार सूचीतून पूर्णतः काढण्यासाठी त्यापुढील खूण काढावी लागते.

तिसरा मार्ग फाईलीच्या किंवा फोल्डरच्या गुणधर्मांतून जातो. त्यावर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ आणि त्यातील ‘ॲडव्हान्स्ड’ उघडल्यास मजकुराची सूची करण्यास परवानगी देणारी खूण दिसते. ती काढता येते. येथे एक बाब नीट लक्षात घेतली पाहिजे. ही खूण काढल्याने केवळ आतील मजकूर वगळला जातो. फाईलीचे नाव व अन्य गुणधर्म सूचीत राहू शकतात. ज्या फाईलीचे नावच गोपनीय तपशील सांगते, तिच्यासाठी हा मार्ग पुरेसा नाही. रुग्णाचे नाव आणि आजार फाईलीच्या नावातच लिहिले असल्यास संपूर्ण फोल्डर वगळणे किंवा फाईलीचे नाव बदलणे, हाच योग्य उपाय होय.

बदल केल्यानंतर नोंदी सूचीतून जाण्यास काही वेळ लागू शकतो. जुन्या नोंदी दिसतच राहिल्या, तर ‘ॲडव्हान्स्ड’ या भागातील ‘रीबिल्ड’ बटणाने संपूर्ण सूची नव्याने तयार करता येते. या कामास काही तास लागू शकतात आणि तोपर्यंत शोधाचे निकाल अपुरे राहतात. त्यामुळे ते रात्री किंवा कामाची वेळ संपल्यावर करणे श्रेयस्कर.

फोल्डर वगळल्याने त्यातील फाईली नष्ट होत नाहीत, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नसावी. तो फोल्डर उघडून त्यातच शोध घेतला, तर विंडोज तेथील फाईली एकेक करून तपासते आणि निकाल देते. या शोधास वेळ अधिक लागतो, इतकेच.

विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आले. ती प्रणाली अद्याप वापरणाऱ्यांना वगळण्याचे हेच मार्ग उपलब्ध आहेत. तथापि, सुरक्षेच्या दृष्टीने अशा संगणकांवर केवळ सूचीची व्यवस्था करणे पुरेसे ठरणार नाही.

मॅकिन्टॉश, लिनक्स आणि भ्रमणध्वनी

ॲपलच्या संगणकांवर २०२२ च्या ‘व्हेन्चुरा’ आवृत्तीपासून ‘सिस्टम सेटिंग्ज’मधील स्पॉटलाइटशी संबंधित विभागात गोपनीयतेचे बटण आहे. तेथे अधिकचे चिन्ह दाबून फोल्डर किंवा संपूर्ण डिस्क वगळता येते. एखादी डिस्क या यादीत टाकून पुन्हा काढली, की तिची सूची नव्याने तयार होते. सूची बिघडल्यास हाच उपाय ॲपलने सुचविला आहे. फोल्डरच्या नावाच्या अखेरीस टिंब आणि त्यापुढे ‘नोइंडेक्स’ हा शब्द रोमन लिपीत लिहिल्यासही स्पॉटलाइट त्या फोल्डरची सूची करत नाही. ‘फाइंडर’मधील शोधही याच सूचीवर अवलंबून असल्याने वगळलेल्या फाईली तेथेही सहसा सापडत नाहीत. म्हणून वगळलेल्या फोल्डरची जागा स्वतः लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

लिनक्सवरील ‘ग्नोम’ या व्यवस्थेत ‘सेटिंग्ज’मधील शोध विभागात कोणत्या ठिकाणांची सूची करावी, हे निवडता येते. ‘केडीई’ या व्यवस्थेत २०१४ पासून ‘बलू’ ही सूचिसेवा असून, तिच्या मांडणीत फोल्डर वगळण्याची सोय आहे.

भ्रमणध्वनीच्या बाबतीत हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. कारण तो हातोहात फिरतो. छायाचित्र दाखविण्यासाठी फोन दुसऱ्याच्या हाती देणे, ही आपल्याकडील नित्याची बाब आहे. अँड्रॉइड प्रणालीत एखाद्या फोल्डरमध्ये टिंबाने सुरू होणारी ‘नोमीडिया’ या नावाची रिकामी फाईल रोमन लिपीत नाव देऊन ठेवली, तर त्या फोल्डरमधील छायाचित्रे व चित्रफिती माध्यमसूचीत घेतल्या जात नाहीत. परिणामी त्या गॅलरीत दिसत नाहीत. व्हॉट्सॲपमध्येही आलेली छायाचित्रे गॅलरीत दिसावीत की नाही, हे ठरविण्याचा पर्याय दिलेला आहे. आयफोनवर प्रत्येक ॲपमधील माहिती शोधात दाखवावी की नाही, हे सेटिंग्जमधून स्वतंत्रपणे ठरविता येते.

येथे आणखी एका बदलाची नोंद घ्यावी लागेल. गुगल फोटोज आणि ॲपलची छायाचित्र-व्यवस्था आता चित्रातील अक्षरेही वाचतात. आधार कार्डाचे, धनादेशाचे किंवा औषधाच्या चिठ्ठीचे छायाचित्र पूर्वी केवळ चित्र होते. आज त्यावरील शब्द टाइप करून ते शोधता येते. कागदपत्रांची छायाचित्रे फोनमध्ये साठविणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवणे हिताचे ठरेल.

वगळणे म्हणजे कुलूप नव्हे

शोधसूचीतून फाईल वगळणे आणि ती सुरक्षित ठेवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ग्रंथालयाच्या तालिकेतून पुस्तकाचे कार्ड काढले, तरी पुस्तक फडताळातच असते. फडताळापर्यंत जाणाऱ्यास ते वाचता येते.

वगळलेल्या फोल्डरांची यादी स्वतःच उघड असते, ही बाबही अनेकदा दुर्लक्षित राहते. त्याच खात्यावर काम करणारी कोणतीही व्यक्ती सेटिंग्ज उघडून ती पाहू शकते. यादीत ‘खासगी’ नावाचा फोल्डर असल्यास कुतूहल शमण्याऐवजी वाढण्याचाच संभव अधिक. महाजालावरही असाच अनुभव आला आहे. शोधयंत्रांनी संकेतस्थळाचा कोणता भाग पाहू नये, हे सांगण्याची एक पद्धत १९९४ मध्ये सुरू झाली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये तिला औपचारिक मानकाचे रूप मिळाले. मात्र ती केवळ विनंती आहे. ती पाळावी अशी सक्ती त्या पद्धतीतच नाही आणि विनंतीची फाईल कोणालाही वाचता येते.

शिवाय वगळलेल्या फाईलीचे ठसे इतरत्र राहतात. अलीकडे उघडलेल्या फाईलींची यादी, छायाचित्रांच्या लघुप्रतिमा, ई-मेलसोबत पाठविलेली प्रत, ‘डाउनलोड्स’मध्ये राहिलेली दुसरी प्रत आणि मेघसाठवणीतील प्रत, ही त्याची उदाहरणे होत. वनड्राइव्ह किंवा गुगल ड्राइव्हसारख्या सेवांचा शोध त्यांच्या स्वतःच्या सर्व्हरवर चालतो. आपल्या संगणकावरील सूचीत केलेला बदल तेथे लागू होत नाही.

खऱ्या सुरक्षिततेसाठी तीन उपाय महत्त्वाचे आहेत. प्रत्येक व्यक्तीसाठी संगणकावर स्वतंत्र खाते आणि पासवर्ड असावा. विंडोजची सूची परवानगी तपासूनच निकाल देते. त्यामुळे ज्या फाईली उघडण्याची परवानगी दुसऱ्या खात्याला नाही, त्या त्याच्या शोधात येत नाहीत. एकाच खात्यावर अनेकांनी काम केले, तर हे संरक्षण निरर्थक ठरते. दुसरा उपाय डिस्कच्या कूटबद्धीकरणाचा आहे. विंडोजमध्ये ‘बिटलॉकर’ आणि ॲपलमध्ये ‘फाइलव्हॉल्ट’ या नावाने ही सोय उपलब्ध असून, तीमुळे फाईलींबरोबर शोधसूचीही कूटबद्ध राहते. तिसरा उपाय अत्यंत संवेदनशील दस्तऐवजाला स्वतंत्र पासवर्ड देण्याचा आहे. अशा दस्तऐवजाचा मजकूर सूची करणाऱ्या आज्ञावलीस वाचता येत नाही. नाव मात्र नोंदले जाऊ शकते.

एक गल्लत मात्र कटाक्षाने टाळली पाहिजे. विषाणुरोधक आज्ञावलींतही फोल्डर वगळण्याची यादी असते. तिचा शोधसूचीशी काहीही संबंध नाही. शोधातून वगळण्याच्या हेतूने फोल्डर तेथे टाकल्यास तो तपासणीविना राहतो आणि घातक आज्ञावलींना मोकळे रान मिळते.

मराठी मजकूर आणि शोधसूची

मराठीत काम करणाऱ्यांपुढे एक वेगळा प्रश्न आहे. युनिकोडचा वापर सर्वत्र रूढ होण्यापूर्वी, अनेक वर्षे, विविध कंपन्यांच्या आणि संस्थांच्या फाँटमध्ये मजकूर टाइप केला जात असे. पडद्यावर तो देवनागरी दिसतो. परंतु संगणकाच्या दृष्टीने तो रोमन अक्षरे व चिन्हे यांचाच क्रम असतो. अशा फाईलींची सूची तयार झाली, तरी तिच्यात मराठी शब्द नसतात. युनिकोडमध्ये ‘ठराव’ असे टाइप करून शोध घेतला, तर वीस वर्षांपूर्वीचा ठराव समोर असूनही सापडत नाही. उलट या निरर्थक अक्षरसमूहांनी सूचीचा आकार मात्र वाढतो.

ग्रामपंचायती, सहकारी संस्था, शाळा, मुद्रणालये आणि महाराष्ट्राबाहेरील मराठी मंडळांकडे अशा फाईलींचा मोठा साठा असतो. त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे हा आदर्श उपाय होय. ते तातडीने शक्य नसेल, तर या फाईली वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवाव्यात, त्यांचा मजकूर सूचीतून वगळावा आणि फाईलींना युनिकोड देवनागरीत वर्ष व विषय सांगणारी नावे द्यावीत. असे केल्यास सूचीवरील भार कमी होईल आणि नावावरून फाईल सापडेलही. येथे संपूर्ण फोल्डर वगळू नये. केवळ मजकूर वगळावा, म्हणजे नावे शोधात राहतील.

युनिकोडमधील मजकूर शोधतानाही मराठीची प्रकृती ध्यानात घ्यावी लागते. ‘पुणे’ हा शब्द विभक्तिप्रत्यय लागल्यावर ‘पुण्यात’, ‘पुण्याहून’ असा होतो. सूचीत शब्द जसा लिहिला असेल तसाच नोंदलेला असतो. म्हणून एखादी फाईल न सापडल्यास ती वगळली गेली आहे, असा निष्कर्ष काढण्यापूर्वी शब्दाचे दुसरे रूप टाइप करून पाहावे.

नव्या काळातील सूची

मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘रिकॉल’ या सुविधेची घोषणा केली. संगणकाच्या पडद्याची छायाचित्रे दर काही सेकंदांनी टिपून त्यांची शोधसूची तयार करणे, हे तिचे स्वरूप होते. सुरक्षातज्ज्ञांनी तीव्र आक्षेप घेतल्यानंतर जून २०२४ मध्ये तिचे वितरण लांबणीवर टाकण्यात आले. कूटबद्ध साठवण आणि वापरकर्त्याची स्पष्ट संमती यांसह ती एप्रिल २०२५ मध्ये ‘कोपायलट प्लस’ वर्गातील संगणकांसाठी उपलब्ध झाली. ठरावीक ॲप व संकेतस्थळे वगळण्याची सोय तिच्यात आहे. मे २०२५ मध्ये ‘सिग्नल’ या संदेशसेवेने विंडोजवरील आपल्या खिडकीची छायाचित्रे टिपली जाऊ नयेत, अशी तरतूद स्वतःहून केली. वगळण्याचा निर्णय आता केवळ वापरकर्ताच नव्हे, तर आज्ञावलींचे निर्मातेही घेऊ लागले आहेत.

ॲपलच्या स्पॉटलाइटमध्येही एक त्रुटी २०२५ मध्ये उघडकीस आली. सूची तयार करण्यास साहाय्य करणाऱ्या पूरक आज्ञावलींचा गैरवापर करून संरक्षित फाईलींमधील माहिती मिळविता येऊ शकते, असे मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांना आढळले. ॲपलने ३१ मार्च २०२५ रोजी या त्रुटीचे निराकरण केले आणि जुलै २०२५ मध्ये तिचा तपशील जाहीर करण्यात आला. प्रत्येक फाईल वाचण्याची मुभा असलेली आज्ञावली हल्लेखोरांसाठी मोलाची असते, हे यावरून स्पष्ट होते. प्रणाली अद्ययावत ठेवणे हा त्यावरील पहिला उपाय आहे.

भारतात डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित करण्यात आले. त्यांतील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. इतरांची वैयक्तिक माहिती हाताळणाऱ्यांनी तिच्या सुरक्षेसाठी वाजवी उपाययोजना करावी, अशी अपेक्षा या कायद्यात असून, त्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. निव्वळ घरगुती वापर त्यातून वगळला आहे. परंतु दवाखाने, शिकवण्या, सोसायट्या आणि लहान उद्योग यांच्या संगणकांवर साठलेली माहिती कोठे कोठे नोंदली जाते, हे जाणून घेणे आता त्यांच्या जबाबदारीचा भाग ठरणार आहे.

वाचकांनी काय करावे

सर्वप्रथम आपल्या संगणकावर कोणत्या फोल्डरांची सूची होते, हे पाहावे. नंतर स्वतःचे नाव, खातेक्रमांकाचे काही अंक किंवा एखाद्या आजाराचे नाव शोधपट्टीत टाइप करून काय समोर येते, ते तपासावे. जे इतरांच्या दृष्टीस पडू नये असे वाटेल, ते एका स्वतंत्र फोल्डरमध्ये हलवून तो संपूर्ण वगळावा. त्यानंतर तोच शोध पुन्हा घेऊन पाहावा. बॅकअप आणि तात्पुरत्या फाईलींचे फोल्डरही यादीत टाकावेत. अखेरीस वगळलेल्या फोल्डरांची नोंद कागदावर करून ठेवावी. कारण काही महिन्यांनी एखादा दस्तऐवज शोधात न सापडल्यास तो हरवला, असा समज होण्याची शक्यता असते.

एकाच संगणकावर अनेकजण काम करत असतील, तर या साऱ्याच्या आधी प्रत्येकाचे खाते वेगळे करावे. शोधपट्टीत काय दिसते हे सूची ठरविते. फाईल कोणाला उघडता येईल, हे मात्र खाते आणि पासवर्डच ठरवितात.